पेशी सोडेल तेव्हा

डायलिसिसच्या वॉर्डात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आजाराचा नसतो, वेळेचा असतो. "ताई, आज अर्धा तास आधी सोडता का?" कुणाची शेवटची एसटी चुकणार असते, कुणाच्या शेतातली लाइट संध्याकाळीच येणार असते, कुणाला नुसता कंटाळा आलेला असतो. आठवड्यातून दोनदा, काहींना तीनदा, सुया टोचलेला हात न हलवता चार-चार तास पडून राहायचं म्हणजे कंटाळा यायचाच. डॉक्टरांनी चार तास लिहिलेत म्हणून चार तास, या उत्तरानं कुणाचंच समाधान होत नाही. माझंही होत नसे. हे चार तास ठरवतं कोण, ते मला पुस्तकातल्या धड्यापेक्षा खाटांमधल्या येरझाऱ्यांत जास्त कळत गेलं.

आमचं सगळं काम ज्या वस्तूवर चालतं ती दीड वीत लांबीची. डायलायझर म्हणजे एक पारदर्शक नळकांडं आणि त्यात पांढऱ्या धाग्यांचा गच्च जुडगा. धागे दहा हजारांच्या घरात, आणि प्रत्येक धागा आतून पोकळ. पोकळीचा व्यास मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. त्या पोकळीतून रक्त जातं आणि धाग्याच्या बाहेरून, उलट दिशेनं, डायलिसिसचा द्रव वाहतो. मधल्या भिंतीला इतकी बारीक छिद्रं असतात की 60 रेणुभाराचा युरिया सहज पार होतो आणि 66 हजारांचा अल्ब्युमिन अडतो. युरियाला कुणी ढकलत नाही, ओढत नाही. रक्तात तो जास्त आहे, पलीकडे अजिबात नाही, म्हणून तो आपला आपण जातो. शाळेच्या पुस्तकात याला विसरण म्हणतात. पाण्यात शाईचा थेंब टाकून गुरुजी दाखवतात तेच.

डच डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, 1943 मध्ये कांपेन नावाच्या लहान गावात पहिलं कामचलाऊ यंत्र उभं केलं ते एवढ्याच भांडवलावर. मधली भिंत म्हणून त्यांनी सॉसेज भरायची सेलोफेनची नळी वापरली, ती लाकडी ड्रमवर गुंडाळली आणि ड्रम मिठाच्या पाण्यात फिरवत ठेवला. आधीचे जवळपास सगळे रुग्ण गेले. 1945 मध्ये 67 वर्षांची एक बाई बेशुद्धीतून उठून बसली. आजचं मशीन दिसायला कितीही देखणं असलं, त्याच्या पडद्यावर कितीही आकडे नाचत असले, तरी मूळ तत्त्वात त्या लाकडी ड्रमच्या पुढे ते फारसं गेलेलं नाही.

कारण विसरणाला आपलं-परकं कळत नाही. युरिया जाईल तसं सोडियमही जाईल, कॅल्शियम जाईल, साखरही जाईल. पलीकडे साधं शुद्ध पाणी ठेवलं तर रुग्ण मरेल. म्हणून जे जाऊ द्यायचं नाही ते पलीकडेही तेवढंच ठेवावं लागतं: सोडियम लिटरला 138 ते 140 मिलिमोल, कॅल्शियम रक्ताच्या बेतानं, थोडी साखर. बायकार्बोनेट मात्र रक्तापेक्षा जास्त, कारण ते उलट रुग्णाच्या रक्तात शिरायला हवं असतं, साचलेलं आम्ल मारायला. पोटॅशियम बहुधा 2, म्हणजे ते रक्तातून उतरेल पण एकदम कोसळणार नाही. शून्य ठेवलं तर झपाट्यानं उतरेल आणि हृदयाचा ठोका बिघडेल. ही सगळी निवड आम्ही सकाळी कॅनमध्ये भरून ठेवतो. मशीनला निवडता येत नाही.

मूत्रपिंडाला येतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत घेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो शुद्ध उधळेपणा वाटला होता. फक्त घाण तेवढी उचलून टाकायची सोडून सगळंच कशाला बाहेर काढायचं? पण विचार केला तर दिवाळीच्या आधी आपण घरात हेच करतो. माळ्यावरचं, फडताळातलं सगळं सामान अंगणात काढायचं आणि हवं तेवढंच परत आत न्यायचं. नको असलेल्या वस्तूंची यादी करायला लागत नाही, हव्या असलेल्यांची ओळख असली की पुरे. उद्या एखादं नवंच औषध रक्तात आलं, तरी परत घेणाऱ्याच्या ओळखीचं नसेल तर ते आपोआप बाहेरच राहतं.

आणि हे परत घेणं फुकट होत नाही. मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांच्या पेशींमध्ये सोडियम-पोटॅशियम पंप बसवलेले असतात. एटीपीचा एक रेणू खर्च करून हा पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. कमीकडून जास्तीकडे, म्हणजे विसरणाच्या बरोब्बर उलट. सोडियमच्या या येण्याजाण्यावर साखर, अमिनो आम्लं आणि पाणी यांची परतीची वाहतूक चालते. डेन्मार्कच्या आरहूसमध्ये येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधला आणि 1957 मध्ये छापला. नोबेल मिळालं 1997 मध्ये. शरीराच्या वजनात मूत्रपिंडांचा वाटा अर्धा टक्का, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, तो काही उगीच नाही. आमच्या मशीनला वीज लागते ती पंप फिरवायला आणि द्रव गरम ठेवायला. निवडीवर त्याचा छदामही खर्च होत नाही.

आता चार तासांचं. मशीनचा संबंध येतो तो फक्त रक्ताशी. साठ किलोच्या माणसात पाणी सुमारे 36 लिटर. त्यातलं 24 लिटर पेशींच्या आत, 12 लिटर बाहेर, आणि त्या बारातलं रक्तद्रव म्हणून फिरणारं जेमतेम तीन. आम्ही धुतो ते हे तीन लिटर. बाकीचं सगळं आपापल्या भिंतींमागे बसलेलं असतं आणि त्याच्या सवडीनं रक्तात येतं.

पोटॅशियमचा हिशेब तर फारच बोलका आहे. शरीरात ते साडेतीन हजार मिलिमोलच्या आसपास. त्यातलं 98 टक्के पेशींच्या आत. पेशीबाहेरच्या 12 लिटरमध्ये सगळं मिळून साठ-सत्तर. एका डायलिसिसमध्ये आपण काढतो 70 ते 100, म्हणजे बाहेर होतं त्याहूनही जास्त. हे जास्तीचं आलं कुठून? पेशींनी हळूहळू सोडलं तसं आलं. पहिल्या तासात रक्तातला आकडा झपाट्यानं उतरतो, आणि मग मशीन एका अर्थानं वाट पाहत बसतं. डायलिसिस संपल्यावर घेतलेला रिपोर्ट छान दिसतो, नातेवाईक त्याचा फोटो काढून भावाबहिणींना पाठवतात. काही तासांनी तोच आकडा पुन्हा थोडा वर चढलेला असतो, कारण पेशींचं सोडणं अजून चालूच असतं. फॉस्फेट याहून चिवट. ते बाहेर यायला इतकं आळशी की चार तासही त्याला अपुरेच पडतात. फ्रान्समधल्या तासँ या गावी आठ-आठ तासांचं डायलिसिस करण्याची पद्धत पडली आणि तिथल्या रुग्णांचा रक्तदाब बहुतेक वेळा गोळ्यांशिवाय आटोक्यात राहिला. हे मी एकदा आमच्या वॉर्डातल्या मामांना सांगितलं. त्यांनी मशीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग आपलं चारच बरंय की."

गंमत अशी की ज्याचं डायलिसिस आम्ही खरोखरच लवकर थांबवतो तो कंटाळलेला जुना रुग्ण नसतो. तो असतो अगदी नवखा, युरिया अडीचशेच्या पुढे घेऊन आलेला. नातेवाइकांना वाटतं, एवढं विष साचलंय तर जास्त वेळ लावा. आम्ही दोन तासच लावतो, तेही रक्ताचा वेग कमी ठेवून. घाई केली तर रक्तातला युरिया भराभर उतरतो आणि मेंदूच्या पेशींतला मागे राहतो. मग पाणी जिकडे युरिया जास्त तिकडे, म्हणजे पेशींच्या आत शिरतं. मेंदू सुजतो. आधी डोकं दुखतं, मग उलटी, आणि त्याहून पुढे गेलं तर झटके. परासरण हा शब्द शाळेत मनुक्याच्या प्रयोगापुरता येऊन जातो. इथे तो माणसाच्या कवटीत घडतो, जिथे फुगायला जागाच नाही.

आमच्याकडे आषाढी एकादशीचं दडपण दिवाळीहून जास्त असतं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण सगळ्यांना माहीत आहे, पण मूत्रपिंड गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती विनोदाची राहत नाही. साबुदाणा बिचारा निरुपद्रवी, तो नुसता स्टार्च. घात करतात बटाटा, रताळं, शेंगदाण्याचं कूट, केळं, खजूर आणि वरून नारळपाणी. सगळी पोटॅशियमची कोठारं. त्याहून अवघड जातं ते निरंकार उपास करणाऱ्यांना समजावणं. "मी तर काहीच खाल्लं नाही ताई, मग वाढलं कसं?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त असतं. पण पोटात काहीच गेलं नाही की इन्शुलिन खाली येतं, आणि इन्शुलिन फक्त साखरेपुरतं नसतं. पेशींवरच्या त्या पंपांना तेच जोर देत असतं. ते कमी झालं की पोटॅशियम आतून बाहेर पाझरतं आणि मूत्रपिंड नसल्यामुळे रक्तातच राहतं.

एका द्वादशीला सकाळी एका माळकरी काकांना त्यांच्या मुलानं मोटारसायकलवरून आणलं. पायऱ्या चढता येईनात. "पायात जीवच नाही." ईसीजीत टी लाटा तंबूच्या टोकासारख्या उभ्या. पोटॅशियम साडेसातच्या वर. अशा वेळी लोकांना वाटतं की धावत मशीनला जोडायचं. जोडायचं असतंच, पण सुया लागून मशीन सुरू होईपर्यंतची मिनिटं काढायची असतात. डॉक्टरांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिलं. त्यानं पोटॅशियम एका अंकानंही उतरत नाही. ते फक्त हृदयाच्या स्नायूच्या पेशींना थोडा वेळ सावरून धरतं. स्नायूची पेशी आतून बाहेरपेक्षा 90 मिलिव्होल्टच्या आसपास ऋण असते, आणि हा फरक टिकतो तो मुख्यतः आतल्या-बाहेरच्या पोटॅशियमच्या तफावतीवर. बाहेरचं वाढलं की तफावत घटते, पेशी अर्धवट उत्तेजित अवस्थेत अडकते आणि पुढचा आदेश तिला घेताच येत नाही. काकांच्या पायांत तेच झालं होतं आणि हृदयात तेच व्हायला निघालं होतं. मग ग्लुकोजबरोबर इन्शुलिन, आणि दम्याच्या रुग्णाला देतात तीच साल्ब्युटामॉलची वाफ. दोन्हींचं काम एकच, पंपांना जोर देऊन पोटॅशियम पुन्हा पेशीत ढकलायचं. ते शरीराबाहेर गेलेलं नसतं, नुसतं आत दडवलेलं असतं. बाहेर काढायला मशीनच लागतं, आणि दडवलेलं परत रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवशी काका पूर्ण वेळ खाटेवर होते. उठल्यावर स्वतः चालत गेले.

तेव्हापासून एकादशीच्या आदल्या आठवड्यात मी घरच्या बायकांना थांबवून घेते. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. "लो सोडियम" म्हणून मिळणारं महाग मीठ घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. रुग्णाला सांगून उपयोग नाही, त्याच्या ताटात काय पडतं ते दुसरंच कुणी ठरवत असतं.

पाण्याबद्दलही मी आता वेगळं बोलते. दोन डायलिसिसमध्ये तीन-चार किलो वजन वाढवून येणाऱ्या माणसाला सगळे एकच दटावतात, पाणी कमी पी. मला हे निरर्थक वाटतं, थोडं क्रूरही. सुमारे आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीराला ते रक्ताच्या प्रमाणात पातळ करायला लिटरभर पाणी लागतं. मेंदूतल्या तहानेच्या पेशी रक्ताचा घट्टपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी आकसतात आणि ओरडायला लागतात. त्या ओरड्यापुढे निश्चय टिकत नाही. ठेचा, लोणचं, पापड आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन तहान मारायला सांगणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसायला लावणं. मीठ तोडलं की तहान आपोआप मवाळ होते.

वाढलेलं पाणी काढतानाही तोच हिशेब आडवा येतो. रक्तद्रव तीन लिटर आणि काढायचं तीन लिटर, मग रक्त उरतं कसं? आम्ही काढत असताना पेशींभोवतीचं पाणी मागून रक्तवाहिन्यांत शिरत असतं, आणि त्याला ओढून घेतो रक्तातला अल्ब्युमिन. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये या ओढाताणीचा नियम मांडला. भरून येण्यापेक्षा काढण्याचा वेग जास्त झाला की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस घामानं थबथबतो. पन्नास किलोच्या बाईचं तासाला पाच-सहाशे मिलिलिटरपेक्षा जास्त काढायला मी धजत नाही. आणि ज्यांचा अल्ब्युमिन खालावलेला, त्यांचं तेवढंही निघत नाही. अंडी खा म्हणावं तर माळ गळ्यात, डाळी वाढवा म्हणावं तर फॉस्फेट. आहारतज्ज्ञांच्या छापील तक्त्यात ही अडचण कुठेच नसते.

2016 चा उन्हाळा मात्र वेगळंच पाणी दाखवून गेला. आम्ही लातूरचे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते देशभर गाजलं. गाडी स्टेशनात येत होती त्याच दिवसांत आमची मशीनं मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे एका माणसामागे चार तासांत 120 लिटर पाणी पीत होती. त्यात आरओच्या प्लँटमधून फेकलं जाणारं वेगळं. घरी दोन घागरींवर दिवस काढून आलेली माणसं त्या नळीकडे बघत बसायची. एका आजीनं विचारलंही, "एवढं पाणी माझ्यासाठी?" फेकलं जाणारं पाणी आम्ही पिंपांत धरायचो, फरशीला आणि संडासाला तेच.

टँकरच्या पाण्याची भीती वेगळी होती. कुठल्या बोअरचं, किती क्षाराचं, त्यात ब्लीचिंग पावडर किती ओतली आहे, काही सांगता यायचं नाही. आपण पितो त्या पाण्याला आतड्याची राखण असते. डायलिसिसच्या पाण्यात आणि रक्तात फक्त धाग्याची ती भिंत. क्लोरिन आणि क्लोरामाइन कार्बनच्या फिल्टरमध्ये अडले नाहीत तर तांबड्या पेशींचं आवरण आणि हिमोग्लोबिन नासतं, पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम मोकळं होतं. म्हणून प्रत्येक पाळीच्या आधी क्लोरिनची तपासणी, लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आतच हवं. ब्राझीलमधल्या कारुआरूत 1996 मध्ये असंच दुष्काळी, टँकरनं आणलेलं, शेवाळाच्या विषाचं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि पन्नासहून जास्त माणसं यकृत निकामी होऊन गेली. त्या उन्हाळ्यात हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पट्टीचा रंग दोनदा बघितल्याशिवाय मी एकही मशीन सुरू होऊ दिलं नाही, आणि सकाळची पाळी उशिरा सुरू झाली म्हणून शिव्याही खाल्ल्या.

आमच्या वॉर्डातला एक तरुण मध्यंतरी आईचं मूत्रपिंड बसवून आला. भेटायला आला तेव्हा हातात पाण्याची बाटली, आणि तक्रार अशी की डॉक्टर दिवसाला तीन लिटर प्यायला सांगतात आणि ते घशाखाली उतरत नाही. इतकी वर्षं घोट मोजून प्यायल्यावर उतरणार कसं? क्रिएटिनिन आठवड्याभरात उतरलं. जे काम आम्ही चार तासांच्या हप्त्यांनी करत होतो ते आता रात्रंदिवस, त्याच्या नकळत चाललेलं. रंगही परतला होता, कारण तांबड्या पेशी घडवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन आता इंजेक्शनातून घ्यावं लागत नव्हतं. केळं खाऊ का, म्हणून त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार. नवीन मूत्रपिंड टिकावं म्हणून तो जी टॅक्रोलिमसची गोळी घेतो, तिनंही पोटॅशियम चढतं.